आज आणि उद्या : दीर्घसूत्रीपणाचा ऐतिहासिक विचार

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला सौसर-पांढुर्णा हा प्रदेश संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. राज्याच्या व जिल्ह्याच्या सीमा अशा हलल्या, तरी येथील घरांतील मराठी हलली नाही, आणि शेतीचे पंचांगही हलले नाही. अर्धनारीश्वराच्या दर्शनासाठी मोहगावी येणारा भाविक बहुधा शेतकरी किंवा शेतकऱ्याचा मुलगा असतो. ‘आज’ आणि ‘उद्या’ या दोन शब्दांतील अंतर किती महाग पडू शकते, हे त्याला पोथीतून शिकावे लागत नाही. पाऊस उघडल्यावर जमिनीला वापसा येतो, म्हणजे माती फार ओलीही नसते आणि फार कोरडीही नसते. ती स्थिती थोडे दिवस टिकते. त्या दिवसांत ज्याची तिफण चालली त्याचे बी उगवते. ज्याने ‘उद्या पाहू’ म्हटले त्याला पुढील पावसाची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहून झाल्यावर हंगाम शिल्लक असेलच असे नाही.

परंतु हाच शेतकरी संत्र्याच्या बागेत गेला म्हणजे नेमके उलट वागतो. मृग बहार धरावयाचा असला की उन्हाळ्यात तो झाडांचे पाणी तोडतो. विहिरीला पाणी असते, मोट किंवा पंप असतो, हातही रिकामे असतात; तरी तो पाणी देत नाही. पाने मलूल होतात, बघणाऱ्याला बाग वाळत चालली असे वाटते. याला ‘ताण देणे’ म्हणतात. ताण पुरा झाल्यावर मृगाचा पाऊस पडतो आणि झाड फुलावर येते. म्हणजे एका शेतात थांबणे हे नुकसान आहे आणि लगतच्या बागेत थांबणे हीच मशागत आहे. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणी मनुष्य स्वस्थ बसलेलाच दिसतो. आळसाचा विचार करणाऱ्या आपल्या पूर्वजांपुढे मुख्य कोडे पडले होते ते हेच, आणि त्यांनी ते मोठ्या बारकाईने सोडविले आहे.

संस्कृतात या दोषाला ‘दीर्घसूत्रता’ असे नाव आहे. ज्याचे सूत लांबतच जाते, ज्याच्या हातून वस्त्र कधी पुरे होत नाही, तो दीर्घसूत्री. आजच्या व्यवहारात ज्यास चालढकल किंवा दिरंगाई म्हणतात तेच हे होय. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तामस कर्त्याच्या लक्षणांत हा शब्द येतो. त्याच यादीत आळशी आणि विषादी, म्हणजे सदा खिन्न असणारा, हे शब्दही स्वतंत्रपणे आले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आळस, खिन्नता आणि दीर्घसूत्रता ही एकाच घरातील भावंडे असली तरी गीताकारांनी त्यांची नावे वेगळी ठेवली. १२९० साली ज्ञानेश्वरीत या श्लोकाचे मराठीत विवरण झाले आणि संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांपर्यंत हा भेद जाऊन पोहोचला.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला तीन माशांची कथा सांगितली आहे. एका तळ्यात तीन मासे मित्रत्वाने राहत होते. कोळ्यांनी तळ्याचे पाणी बाहेर काढण्यास प्रारंभ केला. पुढचे आधी ओळखणाऱ्या माशाने मित्रांना सावध केले आणि तो वाहत्या पाण्याबरोबर दुसऱ्या जलाशयात निघून गेला. दुसरा म्हणाला, वेळ येईल तेव्हा युक्ती सुचेल. तिसऱ्याचे नावच दीर्घसूत्र; त्याचे म्हणणे असे की इतकी घाई कशाला करावयाची? पाणी आटले, मासे पकडले गेले आणि दोरीत ओवले जाऊ लागले. दुसऱ्या माशाने ती दोरी स्वतःच तोंडात धरली, त्यामुळे तोही ओवलेला आहे असे कोळ्यांना वाटले. पुढे स्वच्छ पाण्यात मासे धुण्यासाठी नेले तेव्हा दोरी सोडून तो निसटला. तिसरा मेला. पंचतंत्रातही ही कथा आहे, पण तेथे तिसऱ्याचे नाव यद्भविष्य, म्हणजे ‘जे होणार ते होईल’ म्हणणारा, असे आहे. नावातील हा फरक लहान दिसला तरी अर्थपूर्ण आहे. पंचतंत्राने दोष दैववादावर ठेवला आहे, महाभारताने तो मनुष्याच्या सवयीवर ठेवला आहे. दोहोंत महाभारताचे निदान अधिक कठोर आणि अधिक खरे वाटते. कारण दैवावर विश्वास नसलेली माणसेही चालढकल करतातच.

ही कथा ऐकून ‘म्हणजे सर्वत्र त्वरा करावी’ असा निष्कर्ष कोणी काढील, म्हणूनच की काय, त्याच शांतिपर्वात पुढे चिरकारीचे आख्यान आले आहे. कोणतेही कार्य त्वरेने ठरवावे की विलंबाने, असा युधिष्ठिराचा प्रश्न होता. गौतम ऋषींचा हा मुलगा प्रत्येक गोष्टीचा फार वेळ विचार करी. लोक त्याला मंद आणि आळशी म्हणत, त्यावरून त्याचे नावच चिरकारी पडले. एके दिवशी पत्नीच्या अपराधाने संतापून गौतमांनी मुलाला मातेचा वध करण्याची आज्ञा केली आणि ते वनात निघून गेले. चिरकारी हातात शस्त्र घेऊन विचार करीत उभा राहिला. पित्याची आज्ञा मोडणे हा अधर्म, आणि मातेवर शस्त्र धरणे हाही अधर्म. पिता कोण, माता कोण, पुत्रावर कोणाचा किती अधिकार, हे तो मनात घोळवीत राहिला. इकडे वनात गौतमांचा राग शांत झाला, पश्चात्ताप दाटून आला, आणि आपला मुलगा आज तरी आपल्या नावाला जागो अशी प्रार्थना करीत ते डोळ्यांत पाणी आणून घरी धावले. मुलाने शस्त्र खाली ठेवून त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले. माता जिवंत होती. रागाच्या भरात, अहंकाराने, दुसऱ्याच्या अहिताचे जे कर्म करावयाचे त्यात विलंब करणारा स्तुत्य आहे, असा भीष्मांचा निर्णय आहे.

एकाच पर्वात दोन विलंब सांगितले. एकाने मासा मेला, एकाने माता वाचली. चिरकारी काही करीत नव्हता असे नाही. तो विचार करीत होता, आणि तोही ज्या प्रश्नाचा निर्णय करावयाचा त्याच प्रश्नाचा. मासा कशाचाच विचार करीत नव्हता. बागेला ताण देणारा शेतकरी पाने रोज पाहतो आणि कोणत्या दिवशी पाणी सोडावयाचे हे त्याच्या मनात ठरलेले असते; वापसा चुकविणारा शेताकडे फिरकतही नाही. लांबणीवर टाकलेल्या कामाची परीक्षा करावयाची तर ती अशी करता येते.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत ‘स्त्यान’, ‘प्रमाद’ आणि ‘आलस्य’ असे तीन शब्द जवळजवळ येतात. भाष्यकारांच्या मते शरीराच्या व चित्ताच्या जडपणामुळे प्रवृत्ती न होणे ते आलस्य. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. जो मनुष्य सकाळपासून घरातील सर्व किरकोळ कामे उरकतो, हिशेबाच्या वह्या झाडून ठेवतो, पण जे एक पत्र लिहावयाचे तेवढे लिहीत नाही, त्याला आळशी कसे म्हणावे? त्याचे शरीर जड झालेले नाही. त्याचे चित्त एका विशिष्ट कामापुढे गोठले आहे. स्त्यान या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट होणे, थिजणे असाच आहे. थंडीत तूप थिजते त्याप्रमाणे हे मन थिजलेले असते, आणि थिजलेल्या तुपाला रागावून उपयोग नसतो.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना तो चांगला परिचित होता. एवाग्रियस व त्यानंतर कॅसियन या ग्रंथकारांनी त्याचे वर्णन केले आहे. दुपार झाली की साधकाला कोठडी नकोशी होते, सूर्य पुढे सरकत नाही असे वाटते, दूरच्या मठात अधिक चांगली साधना होईल अशी कल्पना मनात येते, आणि हातातील काम तेवढे राहून जाते. यावर त्यांचा उपाय होता तो जागा न सोडण्याचा आणि हाताने काही तरी करीत राहण्याचा. कॅसियनने पॉल नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची गोष्ट सांगितली आहे. तो खजुरीच्या पानांचे विणकाम करी. बाजार इतका दूर की माल नेण्याचा खर्चही निघू नये. म्हणून वर्षाच्या शेवटी तो आपल्या गुहेत साठलेले सर्व काम जाळून टाकी आणि पुन्हा विणावयास बसे. व्यवहारी मनुष्यास हे वेडेपण वाटेल. तथापि आपले मन कोणत्या औषधावर जगते हे त्या वृद्धाला पक्के ठाऊक होते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

आधुनिक मानसशास्त्रानेही या विषयाकडे उशिराच लक्ष दिले, परंतु गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झाले. २००७ साली पिअर्स स्टील यांनी तोपर्यंतच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून असे दाखविले की, कामाची नावड, फळ दूर असणे, आपल्याच्याने ते होईल याविषयीचा अविश्वास आणि क्षणिक ओढीच्या आहारी जाणे यांचा चालढकलीशी घट्ट संबंध आहे. ‘सर्वोत्तम करावयाचे म्हणून उशीर होतो’ ही जी सबब नेहमी सांगितली जाते, तिला त्या अभ्यासात फारसा आधार मिळाला नाही. २०१३ साली सिरोई व पिचिल यांनी लिहिले की, मनुष्य काम टाळतो तो वेळेचा हिशेब चुकल्यामुळे टाळीत नाही. त्या कामाबरोबर येणारी अप्रिय भावना त्याला टाळावयाची असते. काम बाजूस सारताच क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्याची किंमत उद्याच्या माणसाला मोजावी लागते. २०१० सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांविषयी असे आढळले होते की, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली त्यांनी पुढील परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला दोष देत बसणे हे मोठ्या सात्त्विकपणाचे लक्षण समजणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा. गीतेने विषादी आणि दीर्घसूत्री यांना एकाच पंक्तीस का बसविले, हेही यावरून थोडे उलगडते.

मराठीत या दोषाची सांगोपांग चिकित्सा समर्थ रामदासांइतकी दुसऱ्या कोणी केलेली दिसत नाही. १६०८ साली गोदातीरावरील जांब गावी जन्मलेला आणि १६८२ साली सज्जनगडावर देह ठेवलेला हा पुरुष उपदेशक होता तसाच मोठा संघटक होता. मठ स्थापावयाचे, उत्सव बसवावयाचे, महंत तयार करावयाचे, ग्रंथांच्या प्रती करवून दूरदूर पाठवावयाच्या, हे ज्याचे रोजचे काम, त्याला माणसाच्या आळसाशी रोजच गाठ पडावयाची. दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास. त्यांत आळसाचा उल्लेख किती ठिकाणी येतो ते मोजीत बसण्याचे कारण नाही, पण आठव्या दशकातील सहाव्या समासाकडे अवश्य पाहावे. तेथे समर्थांनी दुश्चितपण, आळस आणि निद्रा यांची साखळी लावून दाखविली आहे. चित्त ठिकाणावर नसते, ऐकलेले आत जात नाही, त्यातून आळस येतो, आळसातून झोप, आणि झोपेत आयुष्य जाते. यातील पहिला दुवा महत्त्वाचा आहे. सामान्य समजूत अशी की आळस आला म्हणून लक्ष लागत नाही. समर्थ उलट क्रम लावतात. आधी लक्ष सुटते. ज्याला आळस घालवावयाचा त्याने आळसाशी झुंजण्याऐवजी चित्ताला काय चिकटले आहे ते पाहावे, असा याचा सरळ अर्थ होतो.

बाराव्या दशकात यत्नाची शिकवण आहे. एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि सदैवाची, म्हणजे भाग्यवंताची, लक्षणे लागोपाठच्या दोन समासांत दिली आहेत. भाग्य हे कपाळावर लिहिलेले नसून दिनचर्येत दिसते, हा त्यांचा आशय. परंतु त्या दशकाचा प्रारंभ ज्या समासाने होतो तो वाचून नवख्या वाचकाला आश्चर्य वाटते. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याचा पाठ दिला आहे. अक्षर वाटोळे, सुटे व ठसठशीत असावे, ओळी सरळ असाव्या, आरंभीचे अक्षर जसे तसेच ग्रंथ संपेपर्यंत असावे, लेखण्या, कागद, शाई यांची सिद्धता कशी ठेवावी, इतक्या बारीक गोष्टी त्यात आहेत. पोथी लिहिणाऱ्याचा अनुभव असा की पहिली दहा पाने सुंदर उतरतात, मग हात घाई करू लागतो, मग काम पडून राहते. पहिल्या पानाइतकेच शेवटचे पान चांगले व्हावयाचे तर रोज थोडे आणि सारखे लिहिणे एवढाच मार्ग आहे. आणि साहित्य आधीच मांडून ठेवले असले म्हणजे बसणाऱ्याला न बसण्याची सबब उरत नाही. लेखणी करावयास उठलेला मनुष्य परत आसनावर येईलच याची खात्री कोणी द्यावी?

समर्थांच्या टाकळी येथील बारा वर्षांच्या अनुष्ठानाविषयी परंपरा सांगते की, त्यांनी त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला. हा आकडा भाविकाने श्रद्धेने घ्यावा, किंवा चिकित्सकाने हिशेबाने तपासावा. दोघांनाही त्यात पाहण्यासारखे आहे. बारा वर्षांचे सुमारे ४,३८० दिवस होतात, म्हणजे दररोज जवळजवळ ३० हजार जप. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ६० हजार. तेरा कोटींकडे पाहणारा बसूच शकत नाही. आजच्या तीस हजारांकडे पाहणारा पहाटे गोदावरीच्या पाण्यात उभा राहू शकतो. मठामठांतून काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत जो नित्यनेम चालत आला त्याची शक्तीही यातच आहे. आज भजन करावे की उद्या, हा प्रश्न तेथे रोज नव्याने उपस्थित होत नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारी बसणारा ठरलेला. ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असे आधी निश्चित करून ठेवणाऱ्याच्या हातून संकल्प अधिक तडीस जातात, असे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडले, तेव्हा घंटा ऐकून उठणाऱ्या कोणत्याही जुन्या मठवासीयाला त्यात नवल वाटले नसते.

आता या विषयाची जी बाजू कोणत्याही धर्मसंस्थेला जिव्हारी लागणारी आहे तिच्याकडे वळावयाचे. एकट्या माणसाची चालढकल त्याचे एकट्याचे नुकसान करते. संप्रदायाने चालढकल केली तर जे जाते ते परत येत नाही. गुरूंना पाहिलेली माणसे वृद्ध होतात. त्यांच्या तोंडून ऐकून ठेवावे असे प्रत्येकाला वाटते. या वर्षीचा उत्सव होऊ द्या, पीक घरात येऊ द्या, मग बसू, असे म्हटले जाते. आणि एखाद्या थंडीत ते माणूस निघून जाते. या बाबतीत मोहगावाहून फार दूर नसलेले, वरूड-मोर्शीच्या वाटेवरचे एक ठिकाण सर्व मराठी भाषकांना वंद्य आहे. ते म्हणजे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी उत्तरपंथे निघून गेल्यावर महानुभाव पंथाचे अनुयायी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख होते. शोकाचे दिवस होते आणि आठवणींचेही होते. स्वामी अमुक गावी काय बोलले, कोणाच्या घरी काय जेवले, कोणावर रागावले, हे एकमेकांना सांगण्यात वेळ जाई. तेथे सराळे गावचा म्हाइंभट नावाचा एक विद्वान होता. मूळचा हा मोठा वादपटू पंडित; स्वामींना जिंकावयास आला आणि शिष्य होऊन राहिला. या आठवणी बोलण्यात विरून जात आहेत, सांगणारे आज आहेत आणि पुढे असणार नाहीत, हे त्याने ओळखले. सर्वांनाच ते दिसत असले पाहिजे. उठला मात्र तो एकटा. नागदेवाचार्यांना विचारून त्याने लीळा लिहून घेतल्या. रिद्धपूरच्या वाजेश्वरी मंदिरात हे लेखन झाले असे परंपरा मानते. एवढ्यावर तो थांबला नाही. ज्या प्रसंगी जो उपस्थित होता त्या त्या माणसाकडे गावोगाव जाऊन त्याने ऐकलेल्याची शहानिशा केली. ‘लीळाचरित्र’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. चक्रधरांच्या प्रयाणास तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. पुढे गोविंदप्रभूंच्या निर्याणानंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटानेच लिहिले.

या लेखनातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. म्हाइंभट संस्कृतज्ञ होता. ग्रंथ संस्कृतात, शास्त्रीय थाटात, अलंकारांनी सजवून लिहावयाचे त्याने ठरविले असते तर ते त्याच्या कीर्तीला शोभले असते. आणि बहुधा ते काम अजून व्हावयाचेच राहिले असते. त्याने माणसे जशी बोलत तसे लिहिले. पंथातही त्या काळी हा प्रश्न निघाला होता. संस्कृतात ग्रंथ करावा अशी इच्छा पंडितांपैकी कोणी दाखविली तेव्हा नागदेवाचार्यांनी ती मोडून काढली, कारण त्यांना त्यांच्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित व्हावयास नको होत्या. मोठ्या थाटाचा संकल्प हा पुष्कळदा विलंबाचा सोयीस्कर पडदा असतो. साध्या मराठीत, लहान लहान वाक्यांत, एकेक प्रसंग उतरवीत गेल्याने म्हाइंभटाचे काम पुरे झाले.

नंतर आपत्ती आली. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर खिलजीच्या फौजा आल्या, त्या धामधुमीत पंथीयांना पळावे लागले आणि म्हाइंभटाची मूळ प्रत नाहीशी झाली. परंतु एकदा लिहिले गेलेले पाठ होत राहिले होते. ते ज्यांना मुखोद्गत होते त्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला. आज लीळाचरित्राचे जे निरनिराळे पाठ मिळतात त्यांत हिराइसेचा पाठ म्हणून एक ओळखला जातो; एका स्त्रीच्या स्मरणशक्तीचे नाव तेथे ग्रंथाला लागले आहे. लिहिण्यास विलंब झाला असता तर पाठ करावयास काही नसते, आणि पाठ केले नसते तर लिहिलेले वाचले नसते. पुढे शतकानुशतके हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला. मग यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, नागपूरचे हरि नारायण नेने, अमरावती-नागपुरास राहिलेले वि. भि. कोलते अशी या आपल्याच मुलखातील माणसे कामास लागली. नेने यांनी लीळाचरित्र १९३६-३७ च्या सुमारास नागपुराहून प्रसिद्ध केले.

रामदासी संप्रदायात हेच काम धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी केले. १८७१ साली जन्मलेल्या या वकिलाने १८९३ साली धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या मठांतून समर्थांची व त्यांच्या शिष्यांची बाडे गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. कल्याणस्वामींच्या डोमगाव येथील मठात जपलेल्या दासबोधाच्या प्रतीवरून त्यांनी तो ग्रंथ छापला. जुनी बाडे शोधीत फिरणाऱ्यांची कामे कशी चालत याची कल्पना करणे अवघड नाही. एके ठिकाणी पोथ्या पूजेत आहेत म्हणून दाखवीत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी दाखवू म्हणतात पण पुढच्या खेपेस या म्हणतात, आणि पुढच्या खेपेपर्यंत वाळवी आपले काम करून जाते. वाळवीला पंचांग लागत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ते काम नेले; एकट्या माणसाने, पायपीट करीत, मिळेल ते दप्तर त्याच ठिकाणी बसून उतरवून घेत. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले. देव १९५८ पर्यंत होते. त्यांनी जमविलेली बाडे धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

लीळाचरित्राची चिकित्सक आवृत्ती कोलते यांनी अनेक हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केली आणि ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली. रिद्धपुरास म्हाइंभट लिहावयास बसला त्याला तेव्हा सुमारे सातशे वर्षे होत होती. त्याच्या हातचे एकही पान उपलब्ध नाही; तो जे ऐकावयास गेला होता ते मात्र उपलब्ध आहे.